दगड आणि हुज्जत : पर्यावरणाच्या लढ्यातील मोडतोडीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

१४ ऑक्टोबर २०२२ रोजी लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'जस्ट स्टॉप ऑइल' या संघटनेच्या दोन तरुण कार्यकर्त्यांनी व्हॅन गॉगच्या 'सूर्यफुले' या चित्रावर टोमॅटोचे सूप फेकले. चित्रावर काच असल्याने चित्र बचावले, चौकटीचे मात्र नुकसान झाले. त्यानंतर काही दिवसांनी उर्दूच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नदी मरते तेव्हा कुणी बातमी देत नाही. चित्रावर सूप पडले की साऱ्या दुनियेत बातमी होते. मग सूप फेकणारे चुकले कसे?"

त्या दिवशी मी अहिंसेचे नेहमीचे चार शब्द बोलून वेळ निभावून नेली. घरी आल्यावर मात्र आपण उत्तर दिले नाही, प्रश्न मिटवला, असे जाणवत राहिले. ग्वाल्हेरच्या मुलाला नदी मरणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. शहराच्या मधून जाणारी स्वर्णरेखा नदी आज सांडपाण्याच्या नाल्यासारखी वाहते. तिच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे गेला, तरी पाणी काही निवळले नाही. अशा शहरातल्या तरुणाला केवळ 'शांत राहा' एवढेच सांगणे अपुरे आहे.

प्रस्तुत लेखात दोन पुस्तके समोर ठेवून या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. पहिले पुस्तक स्वीडनमधील अभ्यासक आंद्रेआस माल्म यांचे 'हाऊ टू ब्लो अप अ पाइपलाइन' (२०२१). मालमत्तेचे नुकसान हे पर्यावरण चळवळीचे आवश्यक साधन आहे, असे ते उघडपणे मांडते. दुसरे पुस्तक पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक राहिलेल्या राजेंद्र व्होरा यांचे, मुळशी सत्याग्रहावरील (इंग्रजी आवृत्ती २००९). मुळशीचा लढा हा जगातील पहिला धरणविरोधी लढा होता, असे व्होरा म्हणतात. माल्म यांचा प्रश्न आपल्या सह्याद्रीच्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि त्याची दोन वेगवेगळी उत्तरे एकाच लढ्यात देऊन पाहिली गेली होती. म्हणून ही दोन पुस्तके एकत्र वाचणे उपयुक्त ठरते.

एका शब्दाविषयी

विषयाकडे वळण्यापूर्वी भाषेचा अध्यापक म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. निषेध किंवा विरोध प्रदर्शन यासाठी उर्दूत 'एहतिजाज' हा शब्द आहे. हा शब्द आणि 'हुज्जत' हा शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. हुज्जत म्हणजे मूळ अर्थाने पुरावा, प्रमाण, युक्तिवाद. मराठीत येईपर्यंत हुज्जतीचा अर्थ घसरला आणि 'हुज्जत घालणे' म्हणजे उगाच वाद घालणे असे आपण म्हणू लागलो. तरीही मूळ अर्थ लक्षात ठेवला तर एहतिजाज म्हणजे आपली बाजू प्रमाणासह समोर ठेवणे असा अर्थ निघतो.

दुसरा शब्द 'फसाद'. उर्दूच्या रोजच्या वापरात फसाद म्हणजे दंगा. अरबीत त्याचा मूळ अर्थ बिघाड, नासाडी असा व्यापक आहे. या अर्थाने जमीन नापीक करणारा, पाण्यात विष सोडणारा हाही फसादच करत असतो. मात्र व्यवहारात दगड मारणाऱ्यालाच फसादी म्हटले जाते, नदी नासवणाऱ्याला कुणी तसे म्हणत नाही.

या दोन शब्दांतून मला एक कसोटी मिळते. आंदोलनाच्या कोणत्याही कृतीनंतर लोकांसमोर काय उरते? आंदोलकाची हुज्जत उरते, की फक्त त्याचा फसाद? नदीची चर्चा होते, की दगडाची? पुढील विवेचनात हीच कसोटी वापरली आहे.

माल्म यांचा युक्तिवाद

माल्म यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जागतिक हवामान परिषदा १९९५ पासून भरत आल्या, मोर्चे निघाले, अर्ज दिले गेले, तरी कर्बवायूंचे उत्सर्जन वाढतच गेले. अशा स्थितीत चळवळीने स्वतःवर संपूर्ण अहिंसेचे बंधन का घालून घ्यावे? इतिहासात जे लढे शांततेने जिंकले असे सांगितले जाते, त्यांच्या बाजूला नेहमी एक आक्रमक फळी होती. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी खिडक्या फोडल्या, आगी लावल्या. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदविरोधी चळवळीने घातपाताचा मार्ग स्वीकारला होता. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांचे म्हणणे सरकारला ऐकावेसे वाटले, कारण मागे त्यांच्यापेक्षा अधिक तीव्र माणसे उभी होती. या शेवटच्या मुद्द्याला समाजशास्त्रात 'जहाल फळीचा परिणाम' म्हणतात. हर्बर्ट हेन्स यांनी १९८० च्या दशकात तो अमेरिकेच्या संदर्भात तपासला होता.

माल्म माणसांवरील हिंसेचे समर्थन करत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. यंत्रे, पाइपलाइन, श्रीमंतांच्या चैनीच्या गाड्या यांचे नुकसान आणि माणसाला इजा यांत ते फरक करतात. गरिबाचे पोटापुरते उत्सर्जन आणि श्रीमंताचे चैनीचे उत्सर्जन यांतही ते फरक करतात. हा फरक महत्त्वाचा आहे आणि त्यांच्या टीकाकारांनी तो पुष्कळदा दुर्लक्षिला आहे.

अहिंसेच्या बाजूने सहसा एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांचे संशोधन (२०११) पुढे केले जाते. १९०० ते २००६ या काळातील ३२३ मोहिमा तपासून त्यांनी असे दाखवले की, अहिंसक मोहिमांपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी झाल्या, हिंसक मोहिमांपैकी सुमारे २६ टक्के. हे आकडे वर्गात सांगायला सोयीचे आहेत. परंतु या मोहिमा राजवट उलथवणे, परकीय सत्ता घालवणे किंवा वेगळे राष्ट्र मागणे यांच्या आहेत. धरण, खाण किंवा कारखाना थांबवण्याच्या लढ्याला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तेव्हा या आकड्यांनी माल्म यांचे म्हणणे खोडले जात नाही. त्यासाठी प्रत्यक्ष लढ्यांकडेच जावे लागते.

मुळशी : एकाच लढ्याची दोन रूपे

पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईसाठी वीज निर्माण करण्याची टाटा कंपनीची योजना होती. त्यात मावळातील पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती. कंपनीने रीतसर परवानगीपूर्वीच शेतांत चाचणीसाठी चर खणले. हरकत घेणाऱ्या शेतकऱ्यावर पिस्तूल रोखले गेल्याची घटना घडली आणि पुण्याच्या कार्यकर्त्यांचे लक्ष तिकडे गेले. म्हणजे या कहाणीत धाकदपटशाची पहिली कृती आंदोलकांची नव्हती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले. कंपनीने सहा महिने काम स्थगित ठेवले. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'मधून टाटांना या प्रश्नाचा फेरविचार करण्याचे आवाहन केले.

ही कृती सौम्य नव्हती, हे लक्षात घ्यावे. चालू बांधकाम अंगाने अडवणे म्हणजे कंपनीचे थेट आर्थिक नुकसान करणे होय. परंतु या अडवणुकीत चार गोष्टी होत्या. जे थांबवले ते अन्यायाचे कामच होते. थांबवणारे त्या जमिनीचेच लोक होते. कष्ट आणि शिक्षा त्यांनी स्वतःवर घेतली. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या सहा महिन्यांत महाराष्ट्रात चर्चा मुळशीच्या शेतांची झाली.

डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि लढ्याचे दुसरे पर्व सुरू झाले. सत्याग्रही तुरुंगात जाऊ लागले, त्यांत स्त्रियाही होत्या. सरकारने भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. याच काळात लढ्यातली खरी फूट उघडी पडली. अनेक जमिनी कागदोपत्री पुण्यातील सावकार-जमीनदारांच्या नावावर होत्या आणि त्या कसणारे मावळे कुळे होती. जमीनदारांना भरपाई हवी होती, कुळांना जमीन हवी होती. बऱ्याच जणांनी भरपाईचा मार्ग पत्करला. लढा मंदावला.

या निराशेच्या अवस्थेत बापटांनी वेगळा मार्ग धरला. आपल्या मार्गाला त्यांनी 'शुद्ध सत्याग्रह' म्हटले. त्यात मालमत्तेचे नुकसान निषिद्ध नव्हते. १९२४ च्या अखेरीस त्यांनी सहकाऱ्यांसह रेल्वेमार्गावर दगड रचून बांधकामाची गाडी अडवली. ते पळून गेले नाहीत, स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९३१ मध्ये सुटले. धरण व्हायचे ते झालेच. बहुसंख्यांनी भरपाई घेतली आहे आणि नेत्याची अहिंसेवर श्रद्धा नाही, या कारणांसाठी गांधीजींनीही लढा सोडून देण्याचाच सल्ला दिला होता.

आता माल्म यांच्या प्रमेयाला मुळशीची कसोटी लावू. बापटांची ही कृती माल्म यांच्या व्याख्येत पूर्ण बसते. लक्ष्य यंत्रसामग्री होती, हेतू सार्वजनिक होता, वैयक्तिक स्वार्थाचा लेशही नव्हता. तरी तिने धरण एक दिवसानेही लांबले असे दिसत नाही. धरण लांबले ते १९२१ मध्ये, बाराशे माणसे जागेवर बसली तेव्हा. १९२४ मध्ये मोजकी माणसे होती. मोडतोड ही पुष्कळदा सामर्थ्याची खूण नसते. माणसे पांगल्यावर उरलेल्यांनी केलेला तो शेवटचा उपाय असतो. बापटांचा त्याग निःसंशय थोर होता. पण त्यागाची थोरवी आणि उपायाची परिणामकारकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत बापटांवर लिहिताना आपण बहुधा पहिलीचा गौरव करतो आणि दुसरीची तपासणी टाळतो.

मात्र याच प्रसंगाचा उपयोग शांततावाद्यांनाही सहजपणे करता येणार नाही. १९२१ ची अहिंसक अडवणूक सहा महिन्यांहून अधिक काळ काम रोखू शकली नाही, हेही तितकेच खरे आहे. मुळशी हरली ती दगडामुळे हरली नाही. जमीनदार आणि कूळ यांच्या हितसंबंधांतील फुटीमुळे ती आधीच हरत आली होती. दगडाने एवढेच केले की, हरण्याचे खरे कारण झाकले गेले.

साखरी नाटे : एका दिवसाची किंमत

दुसरे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्याचे आहे. माडबन येथे फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीच्या सहा अणुभट्ट्यांचा ९,९०० मेगावॅटचा जैतापूर प्रकल्प प्रस्तावित झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. जवळचे साखरी नाटे हे मुख्यतः मुस्लिम मच्छीमारांचे गाव. त्यांची जमीन संपादित होत नव्हती. त्यांचे शेत म्हणजे समुद्र, आणि समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. भट्ट्यांतून सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने मासळी दूर जाईल, ही त्यांची भीती होती. ती त्यांनी सभांत, निवेदनांत, मोर्च्यांत मांडली होती. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि त्यांच्या हुज्जतीला जगाने ऐकावे असे वजन आले.

तेवढ्यात १८ एप्रिल २०११ उजाडला. आंदोलकांच्या जमावाने नाटे येथील पोलीस ठाण्यावर हल्ला केला. पोलिसांनी गोळीबार केला आणि साखरी नाटेचा एक तरुण मच्छीमार ठार झाला. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत तोडफोडीचे प्रकार घडले. गोळीबार टाळता आला असता का, याची चौकशी मागणे योग्यच होते. पण आपली कसोटी लावून पाहावी. त्या आठवड्याच्या बातम्यांत गरम पाणी आणि मासळी कुठे होती? ठाणे, बस, रुग्णालय, बंद, विधिमंडळातील गोंधळ, हेच विषय झाले. वर्षभर मांडलेली हुज्जत एका दिवसात मागे पडली, आणि एका घरातला कमावता हात कायमचा गेला.

जैतापूरचा प्रकल्प अजूनही उभा राहिलेला नाही. म्हणून १८ एप्रिलचा दगड कामी आला असे म्हणणारे भेटतात. हा तर्क तपासला पाहिजे. अरेव्हा कंपनी नंतर आर्थिक संकटात सापडली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या कंपनीकडे गेला. अपघाताच्या दायित्वाविषयीचा भारताचा २०१० चा कायदा वाटाघाटींत अडसर ठरला. विजेच्या दराचा प्रश्न सुटला नाही. ईडीएफचा तांत्रिक-व्यापारी प्रस्तावच मुळी एप्रिल २०२१ मध्ये आला. ही सारी कारणे समोर असताना विलंबाचे श्रेय ठाण्यावरील हल्ल्याला देणे इतिहासाला धरून नाही. स्थानिकांच्या दीर्घ विरोधाचा त्यात काही वाटा असेल, तो त्या एका दिवसाचा खचित नाही.

त्याच तालुक्यातील नाणारची तुलना उद्बोधक आहे. तेथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाला शेतकरी, बागायतदार व मच्छीमार यांनी ग्रामसभांचे ठराव करून, मोजणी अडवून आणि संमती नाकारून विरोध केला. मुंबईत एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी कंपनीच्या कार्यालयाची मोडतोडही केली. पण भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली ती लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, दोन मोठ्या पक्षांच्या युतीच्या वाटाघाटीत. गावांचा नकार एकसंध राहिला म्हणून राजकीय पक्षांना त्याची किंमत द्यावी लागली. मुळशीत जे फुटले ते नाणारमध्ये टिकले.

एक प्रामाणिक प्रतिवाद

आपल्या मताला अडचणीची ठरणारी उदाहरणे टाळणे संशोधनाला शोभत नाही. तमिळनाडूतील तुत्तुकुडी येथे स्टरलाइटच्या तांब्याच्या कारखान्याविरुद्ध नागरिकांचे आंदोलन चालू होते. २२ मे २०१८ रोजी, आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, जिल्हाधिकारी कार्यालयावर निघालेल्या मोर्च्याच्या वेळी दगडफेक व जाळपोळ झाली. पोलिसांच्या गोळीबारात १३ जण मृत्युमुखी पडले. अवघ्या सहा दिवसांत, २८ मे रोजी, राज्य सरकारने कारखाना कायमचा बंद करण्याचा आदेश काढला. येथे मोडतोड झाली आणि मागणीही पूर्ण झाली.

मग माल्म बरोबर ठरतात का? क्रम बारकाईने पाहिला तर तसे म्हणता येत नाही. सरकारला झुकवले ते जळालेल्या वाहनांनी नव्हे, तेरा मृतदेहांनी. न्यायमूर्ती अरुणा जगदीशन आयोगाने पुढे पोलिसांच्या गोळीबारावरच ठपका ठेवला. जनमत पेटले ते निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या म्हणून. शिवाय तो आदेश टिकला तो न्यायालयात. मद्रास उच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मान्य केला, आणि त्यासाठी आधार घेतला तो प्रदूषणाच्या नोंदींचा, म्हणजे हुज्जतीचा. ज्या उपायाच्या यशासाठी तेरा माणसांचे मरण लागते, तो उपाय आपल्या विद्यार्थ्याला सुचवण्याची हिंमत कोणता अध्यापक करील?

लंडनच्या सूपाबाबतही असेच म्हणता येईल. ते फेकणाऱ्या दोघांना सप्टेंबर २०२४ मध्ये अनुक्रमे दोन वर्षे आणि वीस महिन्यांची शिक्षा झाली. दरम्यान ब्रिटनने २०२३ मध्ये निदर्शनांवर अधिक कडक निर्बंध घालणारा कायदा केला. 'जस्ट स्टॉप ऑइल'ने २०२५ मध्ये आपल्या अशा कृती थांबवल्या. तेल व वायूच्या नव्या परवान्यांविरुद्धची आपली मागणी सरकारी धोरण बनली, असे त्यांनी सांगितले. ते धोरण सत्ताबदलाबरोबर आले. त्यात सूपाचा वाटा किती, हे सिद्ध करणे अवघड आहे. तुरुंगवास मात्र ठरलेला होता.

ग्वाल्हेरचा रस्ता

अडवणूक आणि मोडतोड यांतला फरक ग्वाल्हेरकरांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. २ ऑक्टोबर २००७ रोजी एकता परिषदेच्या नेतृत्वाखाली सुमारे २५ हजार भूमिहीन व आदिवासी स्त्री-पुरुष येथून दिल्लीकडे पायी निघाले. 'जनादेश' हे त्या यात्रेचे नाव. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे ५० हजारांची 'जन सत्याग्रह' यात्रा याच शहराच्या मेळा मैदानातून निघाली. मागणी जल, जंगल, जमीन यांवरील हक्काची होती. महामार्ग दिवसेंदिवस माणसांनी भरलेला होता. रहदारीला त्रास झाला, व्यापाऱ्यांनी कुरकूर केली. म्हणजे अडवणूक होतीच. पण हजारो माणसे रस्त्याच्या एका बाजूने रांगेत चालत होती आणि रस्त्यावरच जेवत, झोपत होती. ही यात्रा कशासाठी हे विचारल्याशिवाय बघणाऱ्याला पुढे जाता येत नव्हते.

परिणाम काय झाला? जनादेशानंतर केंद्राने पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय भूमिसुधार परिषद नेमली. वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी आग्रा येथे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी दहा कलमी करारावर सही केली. यातील पुष्कळसे पुढे कागदावरच राहिले, राष्ट्रीय भूमिसुधार धोरण मसुद्यापुढे गेले नाही, हेही मान्य करावे लागेल. अहिंसक अडवणूक यशाची हमी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर नर्मदा खोऱ्यातील लोकांनाही हा अनुभव आला. पण २००७ चे लोक २०१२ मध्ये दुप्पट संख्येने परत येऊ शकले, कारण मधल्या काळात ते खटल्यांत आणि तुरुंगात अडकले नव्हते. बापटांची १९२४ ते १९३१ ही वर्षे आठवली की या फरकाचे मोल कळते.

किंमत कोण मोजतो?

माल्म यांच्या पुस्तकात मला सर्वांत मोठी उणीव जाणवते ती येथे. ते स्वीडनमधील गाड्यांच्या चाकांतली हवा सोडण्याच्या मोहिमेचे वर्णन करतात. तेथे पकडले गेले तर काय होईल याचा अंदाज करता येतो. आपल्याकडे किंमत एकसारखी नसते. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीविरुद्धचा केंद्रीय कायदा १९८४ पासून आहे. मध्य प्रदेशाने डिसेंबर २०२१ मध्ये नुकसानीच्या वसुलीसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात दावा प्राधिकरणाची तरतूद आहे आणि चिथावणी देणाऱ्यांकडूनही वसुली होऊ शकते. आरोपीचे घर पाडण्याच्या प्रकारांना सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने लगाम घातला, तोपर्यंत अनेक घरे पडली होती.

अशा परिस्थितीत दगड कुणीही मारला तरी संशय आधी कुणावर जातो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या महाविद्यालयांत येणारी मुले मेकॅनिकची, विणकराची, फेरीवाल्याची आहेत. घरातून पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचलेली आहेत. एका गुन्ह्याच्या नोंदीने त्यांची नोकरी, पासपोर्ट, शिष्यवृत्ती धोक्यात येते.

यावर कुणी म्हणेल की, हा भित्रेपणाचा सल्ला झाला. तसे नाही. चंबळच्या खोऱ्यात अवैध उत्खननाला विरोध करणेसुद्धा किती धोक्याचे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ८ मार्च २०१२ रोजी शेजारच्या मुरैना जिल्ह्यात दगडाने भरलेला ट्रॅक्टर अडवताना एक तरुण आयपीएस अधिकारी त्याखाली चिरडला गेला. तो अंगाने उभा राहिला होता आणि कायद्याच्या बाजूने उभा राहिला होता. धोका पत्करणे आणि मोडतोड करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना धोक्यापासून नव्हे, निष्फळ धोक्यापासून परावृत्त करणे हे आपले काम आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला, केवळ निवेदनांनी पर्यावरणाचे प्रश्न सुटत नाहीत, हे माल्म यांचे निदान बरोबर आहे. अडवणुकीशिवाय सत्ता ऐकत नाही. दुसरा, त्यांनी सुचवलेला उपाय आपल्याकडील अनुभवाला उतरत नाही. मुळशीपासून नाणारपर्यंत जे काही थांबले, ते मोठ्या संख्येने एकत्र राहिलेल्या लोकांनी थांबवले, वा खर्च, न्यायालय आणि निवडणूक यांनी थांबवले. मोडतोडीने थांबले असे दिसत नाही. तिसरा, मोडतोडीने हुज्जत झाकली जाते आणि तिचे मोल सर्वांत दुबळ्याला द्यावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पदवी अभ्यासक्रमात पर्यावरण अध्ययन हा अनिवार्य विषय आला. त्यात चिपकोचा एक परिच्छेद पाठ करून घेतला जातो आणि विषय संपतो. त्याऐवजी मुळशीची दोन पर्वे आणि साखरी नाटेचा तो दिवस विद्यार्थ्यांसमोर ठेवावा. काय अडवले, कुणी अडवले, किंमत कुणी दिली आणि दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची झाली, हे चार प्रश्न त्यांनाच सोडवू द्यावेत. तो विद्यार्थी आता पदवी घेऊन बाहेर पडला आहे. मी त्याला त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते, ते असे : सूप फेकणाऱ्यांचा प्रश्न खरा होता. पण दुसऱ्या दिवशी लोक सूपाविषयी बोलत होते. स्वर्णरेखेसाठी जेव्हा तू काही करशील, तेव्हा असे कर की दुसऱ्या दिवशी शहराला स्वर्णरेखेविषयीच बोलावे लागेल.